दाजींचा धडा, बारक्याची कात्री

३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

आशीर्वाद. फोन सोडून पत्र का, म्हणून भुवया वर गेल्या असतील तर खाली घे. फोनवर आपलं तिसऱ्या मिनिटाला वाजतं आणि चौथ्या मिनिटाला तुला स्टुडिओत जायचं असतं. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही. शिवाय इथलं नेट असं की एक फोटो पाठवायला घेतला तर चहा उकळून गार होतो. व्हिडिओ तर विसरच.

आणि काम व्हिडिओचंच आहे.

मागच्या आठवड्यात दुकानात एक बाई आल्या. मुलांची शाळा चालवतात, शाळेतच राहणारी मुलं. त्यांना कुणीतरी शिवणयंत्रं दान दिली आहेत, डझनभर, आणि सगळी अडकलेली. (दान देणारे चालू वस्तू देतात असं तू कधी पाहिलंयस?) बाईंना नुसती दुरुस्ती नको, मुलांना दुरुस्ती शिकवणारा माणूस हवा. गंमत म्हणजे मला काही विचारायच्या आधी त्या सरळ तुझ्या दाजींकडे वळल्या आणि हातांनी बोलायला लागल्या. कारण ती शाळा ऐकू न येणाऱ्या मुलांची आहे, दाजींसारख्याच.

इतकी वर्षं आम्ही दुकान चालवतोय. गिऱ्हाईक येतं, मशीन दाजींच्या पुढ्यात ठेवतं आणि बोलतं माझ्याशी. "यांना विचारा, किती दिवस लागतील." यांना विचारा! ते काय कपाट आहेत? त्या दिवशी पहिल्यांदा एक माणूस त्यांच्याशी बोलला आणि मी बाजूला बसून सुपारी कातरत राहिले. बाई गेल्यावर दाजी मला म्हणाले, "मला ही नोकरी हवी." लग्नाला विचारताना एवढ्या ठामपणे विचारलं नव्हतं.

अट अशी: आधी तीन छोटे धडे व्हिडिओ करून पाठवायचे, हातांच्या भाषेत. साफसफाई, अडकलेलं शटल, आणि धाग्याचा ताण. मुलं ते बघून स्वतः मशीन उघडतील. मशीनं चालली तर जूनपासून दाजी तिथले शिक्षक.

आमच्याकडे माझा कोपरा फुटलेला फोन आहे आणि खर्चाला शून्य. तू या धंद्यातला. काय करायचं ते लिही. पत्र नीट वाच, नेहमीसारखं वरवर चाळू नकोस.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार, आणि दाजींनाही.

पत्र मिळालं, लिफ्टच्या घोषणा रेकॉर्ड करता करता वाचलं. ("दरवाजा बंद होत आहे" हे वाक्य मी आज वीस तऱ्हांनी ऐकलंय, त्यामुळे अक्षर जरा वाकडं आलंय.) व्हिडिओ करताय, फार छान! पैसे लागत नाहीत, डोकं लागतं. आणि या धंद्यातलं एक गुपित तुला फुकट देतो: लोक वाईट चित्र सहन करतात, वाईट आवाज सहन करत नाहीत. चित्र हललं तरी बघतील, आवाज घुमला की पुढे सरकतील. म्हणून सगळं लक्ष आवाजावर.

पंखा बंद. फ्रीज बंद, त्याची गुणगुण तुला कळत नाही पण फोनला कळते. आपलं पुढचं दुकान रिकामं आणि फरशीचं, तिथे आवाज गोल फिरत बसणार. मागच्या खोलीत करा. भिंतींना रजया लावा, जमल्यास वरूनही एक टाका. जुन्या हेडफोनची वायर असते ना, माईकवाली, ती कॉलरच्या आत चिकटपट्टीने लाव. एकदा टाळी वाजवून बघ. टाळी मेल्यासारखी वाटली की खोली तयार. शेजारच्या इस्त्रीवाल्याला रेडिओ बंद ठेवायला सांग.

दाजी मशीन दाखवतील, तू मागून बोलशील. तुझा आवाज मुळात खणखणीत आहे, जरा कमी कर. मेमरी कार्ड पाकिटात घालून पाठव. जोडकाम, कापाकापी मी इथे करतो. यायला मात्र जमणार नाही, बँकेच्या घोषणांचं काम येतंय.

तुझा बारक्या

१७ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

चिरंजीव याचा अर्थ वय वाढत जातं. बाकी काही वाढतं असं त्या शब्दात कुठे म्हटलेलं नाही.

तुझ्या पत्राप्रमाणे सगळं केलं. फ्रीज बंद केला, दूध नासलं. रजया दोनच निघाल्या म्हणून वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून आणखी मागून आणल्या. त्यांना वाटलं पाहुणे आलेत, त्या बघायला खाली आल्या. इस्त्रीवाल्याने रेडिओ बंद केला आणि काय होतंय ते बघायला तोही आला. मागच्या खोलीत दोरीवर रजयांचा तंबू, तंबूत दाजी, मांडीवर मशीनचं डोकं, कॉलरमध्ये हेडफोनची वायर. पंखा बंद. घामाने त्यांचा शर्ट असा भिजला की त्याचा रंग कळेना. टाळी वाजवली, मेली. तुझी खोली तयार झाली.

मग दाजींनी मला विचारलं, "हे सगळं कशासाठी?"

मी सांगितलं, "आवाज स्वच्छ यावा म्हणून."

"ऐकणार कोण?"

"माझा भाऊ," मी म्हटलं.

तेव्हापासून ते हसतायत. तंबूतून बाहेर काढलं तरी हसत होते. इस्त्रीवाल्याला काही कळलं नाही, पण तोही हसला.

अरे शहाण्या, मी तुला सरळ लिहिलं होतं ना की ती शाळा ऐकू न येणाऱ्या मुलांची आहे, आणि धडे हातांच्या भाषेत हवेत? मागून बोलू कुणासाठी, मशीनसाठी? तू दोन पानं आवाजावर लिहिलीस. मी पहिल्या ओळीलाच तुला फोन करणार होते, पण दाजी म्हणाले, "त्याने मनापासून लिहिलंय, करून बघू." म्हणून केलं. आवाज अतिशय स्वच्छ आला असणार. तुला लखलाभ.

आता चित्राबद्दल सांग. तंबूतलं आणि नंतर बाहेर केलेलं, दोन्ही कार्डात आहे. आणि हे पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंस याची खूण म्हणून उत्तरात नासलेल्या दुधाबद्दल दुःख व्यक्त कर.

ताई

२३ फेब्रुवारी

ती. ताईस,

दुधाबद्दल अतीव दुःख झालं. पत्र दोनदा वाचलं. स्टुडिओतल्या पोरांनाही वाचून दाखवलं, ही माझी चूक. आता मी कुणाला काही सांगायला गेलो की ते विचारतात, "ऐकणार कोण?"

कार्ड बघितलं. दाजींसमोर कान पकडतो आणि आता डोळ्यांचं बोलतो.

दाजी ढगातून प्रवचन देतायत असं दिसतंय. ते धुकं नव्हे, फोनच्या भिंगावर मशीनचं तेल लागलंय. कुणाच्या बोटाचं ते मी विचारत नाही. पुसा, आणि प्रत्येक वेळी पुसा.

तुम्ही त्यांना खिडकीसमोर बसवलंयत आणि खिडकी त्यांच्या पाठीमागे. त्यामुळे खिडकी छान आली आणि दाजी काळे. उलटं करा. खिडकी तुझ्या पाठीशी किंवा त्यांच्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर किंवा थर्माकोल धर, उजेड परत फिरून चेहऱ्यावर येतो. तो चेकचा शर्ट नको. बोटं चौकटींमध्ये हरवतात. गडद, साधा शर्ट. झूम करू नकोस, उठून जवळ जा. उजेड कमी असला की भरभर हलणारे हात पुसट येतात, आणि दाजींचे हात म्हणजे तुझ्या जिभेचे सख्खे भाऊ. म्हणून सकाळच्या उजेडातच करा.

फोन आडवा. हातात धरायचा नाही, कशावर तरी ठेवायचा. आणि दर वेळी हात पडद्याच्या बाहेर जातायत. म्हणजे बोलणाऱ्याचं तोंड बाहेर गेल्यासारखंच की! डोक्यापासून कमरेपर्यंत जागा ठेव, दोन्ही कोपरांच्या बाहेर वीतभर.

एक गोष्ट बघता बघता लक्षात आली. दाजी काम करत असतात तेव्हा बोलू शकत नाहीत, कारण हात मशीनमध्ये. आणि मुलंसुद्धा एकाच वेळी हातही बघणार, मशीनही, हे कसं होईल? तेव्हा आधी बोलू दे, मग नुसतं मशीन जवळून दाखव, मग परत बोलू दे. तीन तुकडे. मी जोडतो.

बारक्या

४ मार्च

चि. बारक्यास,

हे पत्र पाठवायला उशीर झाला, कारण तुझे दाजी दिग्दर्शक झाले.

शर्ट मीच शिवला, गडद निळा. सकाळी दुकानाच्या दारात बसवलं. फोन कुठे ठेवायचा यावर आमचं तासभर वाजलं. शेवटी दाजींनी कपडे वाळत घालायचा लोखंडी स्टँड आणला, त्याच्या दांडीला लाकडी पट्टी बांधली आणि पट्टीला दोन चिमट्यांनी फोन. दगडासारखा स्थिर. वरून मशीन दाखवायला दोन खुर्च्यांच्या पाठींवर फळी आडवी टाकली; फळीला एक भोक होतंच, त्यातून फोन खाली बघतोय. मी फळीवर भार म्हणून इस्त्री ठेवली. इस्त्रीवाला ती शोधत फिरत होता, ते नंतर मिटलं.

दाजी एक धडा पाच-पाच वेळा करतात. हात जरा घाईत गेला की स्वतःच थांबतात आणि "परत" म्हणतात. "मुलांना घाई कळत नाही, त्यांना हात कळतात," म्हणे. तिसऱ्या दिवशी मी वैतागून म्हटलं, "एवढं पुरे, बाई काय परीक्षा घेणार आहेत?" तर म्हणाले, "माझी नाही घेणार. मुलांची घेणार. म्हणून तर."

मी भिंग पुसलं आणि परत सुरू केलं.

बाईंचा निरोप आहे, पंधरा तारखेपर्यंत धडे हवेत. वीसला आम्हा सगळ्यांना शाळेत बोलावलंय, मुलं मशीनं उघडून दाखवतील. तुलाही आग्रहाने बोलावलंय. दाजींनी दोनदा विचारलं, येतोय का.

कार्ड सोबत. नीट जोड रे राजा. कापून झालं की एकदा आम्हाला दाखव.

ताई

१० मार्च

ती. ताईस,

काम फत्ते! काय चित्र आलंय, ताई! दाजींच्या हातावरची शीर न् शीर दिसते. त्या फळीच्या भोकातून आलेलं शटल तर मी फोनवर वॉलपेपर म्हणून लावलंय.

तारीख गळ्याशी आली होती म्हणून तुमच्याकडे न पाठवता कार्ड सरळ बाईंकडे पाठवलं. रागावू नकोस, बघशील तेव्हा पाठ थोपटशील. तीन धडे मिळून अर्ध्याहून कमी केलेत. माझ्या कामात आम्ही बोलणाऱ्याचा श्वाससुद्धा कापतो, वाक्याला वाक्य घट्ट बसतं, ऐकणारा हलत नाही. इथेही तसंच केलं. दाजी मधून मधून थांबतात, ते काढलं. आणि एक सवय आहे बघ त्यांची: बऱ्याच वाक्यांच्या शेवटी ते तुला "बंद कर, बंद कर" म्हणून पंजा हलवतात. ते सगळं शोधून शोधून कापलं. सुरुवातीला अवघड गेलं, मग हात बसला. आता कुणाला कळणारही नाही की समोर तू उभी होतीस.

वीस तारखेला मला यायला जमणार नाही. बँकेचं काम आहे. दाजींना सांग, पुढच्या खेपेला नक्की.

बारक्या

२१ मार्च

बारक्या,

आशीर्वाद नाही, नमस्कार नाही, काही नाही.

काल शाळेत गेलो. दाजींनी निळा शर्ट घातला होता. वर्गात शिरलो तर लांबच लांब टेबलं आणि त्यावर मशीनं. मशीनं कसली? सुटे भाग. स्क्रू, दात, चाकं, स्प्रिंगा. एखाद्या मोठ्या मशीनने लहान मशीनं खाऊन हाडं टाकावीत तसं. पट्टे तेलाने असे माखलेले की हातात धरले तर निसटत होते. आणि भिंतीला लागून मुलं उभी, सगळी रडवेली, दाजींकडे अशी बघतायत की जणू वाघ आला.

दाजी पांढरे पडले. बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं तसंच केलंय मुलांनी, अगदी शब्दन् शब्द. मला वाटलं तुमची काही नवी पद्धत असेल." आणि त्यांनी तुझा तो घट्ट बसवलेला व्हिडिओ लावला.

तर ऐक. दाजी म्हणाले होते, "पट्ट्याला तेल लावायचं नाही." तू दाखवलंस, "पट्ट्याला तेल लावायचं."

दाजी म्हणाले होते, "सुई आणि शटलची जुळणी ज्या स्क्रूवर आहे तो सोडवायचा नाही." तू दाखवलंस, "सोडवायचा." एक स्क्रू सुटल्यावर त्याच्यामागे काय काय सुटतं ते तुला नको सांगायला. मुलांनी अभ्यासू वृत्तीने सगळं सोडवलं.

आणि शेवटी त्यांनी मुलांना सांगितलं होतं, "चुकलं तर घाबरायचं नाही." हे वाक्य त्यांनी दोन दिवस घोळवलं होतं रे. तू दाखवलंस, "चुकलं तर घाबरायचं."

म्हणून ती भिंतीला लागून घाबरत उभी होती. सांगितलं होतं ना, घाबरायचं!

तो पंजा, डावी-उजवीकडे हलणारा, तो "बंद कर" नव्हता. तो "नाही" होता. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तू दर वेळी येतोस, दाजींच्या समोर बसतोस, तोंड मोठं करून "ज-म-लं का" म्हणतोस आणि जेवून जातोस. एक "नाही" तुला ओळखता येऊ नये?

बाईंनी नोकरीचं काही काढलं नाही. मुलांची परीक्षा आहे, ती झाल्यावर बघू म्हणाल्या. "बघू" म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको, तुमच्या बँकेच्या घोषणेत असतं ते, "कृपया प्रतीक्षा करा".

दाजींनी परत येताना बाईंकडून तुझं कार्ड मागून आणलं. आज सकाळी बिलबुक ओढून लिहायला बसले. मला वाचू दिलं नाही. पाकिटात घातलंय.

ताई

(दुकानाच्या बिलाच्या मागे)

बारक्या,

ताईने रागाने पुष्कळ लिहिलं असेल. माझ्याकडे कागद थोडा आहे आणि राग त्याहून थोडा.

पहिल्यांदा मलाही राग आला. मग घरी येऊन तुझा व्हिडिओ पुन्हा बघितला. बाकी काम चांगलं आहे. चित्र चांगलं, जोड चांगले. मी म्हणतो त्याच्या बरोबर उलटं सांगतो, एवढी एकच खोट.

आमच्या बोलण्यात नकार शेवटी येतो. तुम्हा लोकांच्याही येतो, तुझ्या लक्षात आलेलं नाही. तुझं दहा तारखेचं पत्र ताईने मला दाखवलं. तू लिहिलंयस, "मला यायला जमणार नाही." मी तुझ्याच पद्धतीने ते नीट कापून घेतलं. आता ते असं झालं: "मला यायला जमणार."

वाट बघतो.

तुझा दाजी

ता.क. मुलांनी मशीनं उघडली ते काम मात्र स्वच्छ होतं. एकही स्क्रू खराब केला नाही. अशी मुलं मला हवीत.

२६ मार्च

ती. दाजींना,

साष्टांग नमस्कार. हे पत्र पहिल्यांदाच तुमच्या नावाने लिहितोय. ताईने फोडलं तर तिला सांगा की तिचं नाही.

बँकेला कळवलंय की त्यांच्या गिऱ्हाइकांना आणखी काही दिवस प्रतीक्षा करावी लागेल. मी येतोय. बाईंना फोन केला, चूक कुणाची ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे तुमच्या दाजींनी घाबरायचं नाही असं म्हटलं होतं?" मी हो म्हटलं. त्यांनी परीक्षेनंतरचे तीन दिवस दिलेत.

मी परत तेच धडे करायचं म्हणत होतो. पण तुमचा ता.क. वाचून वाटतं, तुमच्या डोक्यात दुसरंच काही आहे. तुम्ही म्हणाल तसं.

बारक्या

१४ एप्रिल

ती. दाजींना,

घरी सुखरूप पोचलो. कार्ड सोबत आहे. या वेळी आधी तुम्ही बघा, तुम्ही हो म्हणाल तरच पुढे जाईल.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की तुम्ही मला तोंडघशी पाडणार. सगळे सुटे भाग टेबलावर तसेच ठेवून तुम्ही मुलांना म्हणालात, "छान. आता हे कुठून आलं ते शोधू." तुम्ही काय म्हणालात ते मला नंतर एका लांब वेणीवाल्या पोरीने कागदावर लिहून सांगितलं. तेव्हा तर तुमचे हात मला नुसते पाखरांसारखे दिसत होते.

ती वेणीवाली पोरगी नसती तर मी परत काशी केली असती. तिला माझी गोष्ट कळली होती, म्हणजे सगळ्या शाळेलाच. मी स्टँडला फोन लावून उभा राहिलो की ती शेजारी येऊन उभी राहायची. तुमचं वाक्य संपलं की माझ्या कोपरावर टिचकी. टिचकी बसेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही, असा तिचा दम होता. एकदा मी आधीच लावला तर तिने माझ्या हातावर फटका मारला. दुसऱ्या दिवशी दुपारी मला टिचकीच्या आधी कळायला लागलं, आता संपणार. तुम्ही वाक्याच्या शेवटी हात जरासे थांबवता आणि मुलांकडे बघता, समजलं का म्हणून. आणि मी तेच थांबणं "फालतू जागा" म्हणून कापलं होतं! तो तर धड्याचाच भाग होता. या वेळी एकही थांबणं कापलेलं नाही. व्हिडिओ लांब झालाय. असू दे.

मुलांनी मला हातांच्या भाषेतलं नाव दिलं ते तुम्ही बघितलंत, तेव्हा तुम्हीच सगळ्यात जास्त हसलात. दोन बोटांची कात्री, आणि मग कपाळावर हात. मी इथे स्टुडिओत कुणाला अर्थ सांगितलेला नाही.

एक विचारायचं आहे. दुसऱ्या दिवशी उन्हं वाढली तेव्हा ताई वसतिगृहातली चादर दोन्ही हातांनी धरून आड उभी होती, उजेड परतवायला. तिला तुमचे हात दिसत नव्हते. तेव्हा हाताचं चाक फिरवता फिरवता थांबून तुम्ही मुलांना जे सांगितलंत, त्यावर सगळी मुलं हसली आणि मी नुसता बघत राहिलो. घरी येऊन ते पुन्हा पुन्हा बघितलं. शेवटी कळलं. खोलीत एकटाच होतो, मोठ्याने हसलो. घरमालकिणीने दार वाजवलं.

धड्याशी त्याचा काही संबंध नाही. ठेवू की कापू? नुसतं "ठेव" किंवा "काप" लिहा.

बारक्या

१९ एप्रिल

बारक्या,

ठेव.

दाजी

२ मे

बारक्या, अरे चोरा, अरे घरभेद्या,

आधी चांगली बातमी, म्हणजे मग शिव्या द्यायला मोकळी.

काल शाळेत तुझा व्हिडिओ दाखवला. वर्गात पडदे ओढले, भिंतीवर मोठं चित्र. त्याआधीच मुलांनी मशीनं जोडून ठेवली होती, एकूण एक चालू. एका मशीनचं चाक उलटं बसलंय, ते टाके मागे मागे घालतं. दाजींनी ते तसंच ठेवायला सांगितलं, पुढच्या धड्याला उपयोगी पडेल म्हणून. बाईंनी व्हिडिओ सुरू व्हायच्या आधीच दाजींना बाजूला घेतलं आणि सांगितलं, एक जूनपासून या. मला नाही, त्यांना सांगितलं. मी लांबून हात वाचले. मग दाजींनी दुकानाचं काय करायचं ते विचारायला माझ्याकडे बघितलं आणि मी म्हटलं, मी बघेन, संध्याकाळी तुम्ही या. इतकी वर्षं बाजूला बसून मशीनं उघडताना बघितली आहेत, मला काय स्क्रू कळत नाहीत?

मग व्हिडिओ. मी आपली ऐटीत पहिल्या रांगेत. चादर कुणी धरली होती, मी. उजेड कुणाचा, माझा. बाजूच्या शिक्षिकेला दाखवतेय, बघा कसा पडलाय. आणि तेवढ्यात तुझे दाजी भिंतीवर, पाच फुटी, चाक फिरवता फिरवता थांबतात आणि अख्ख्या वर्गाला सांगतात:

"हे मशीन आणि माझी बायको. दोघांचा आवाज फार आहे, असं शेजारी सांगतात. मला काही तक्रार नाही."

तो पंजा तू पूर्ण ठेवलास. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. शेवटपर्यंत. वर मुलांचं हसणंही ठेवलंस.

सगळा वर्ग बाकांवर आडवा. बाईंनी तोंडाला पदर लावला. मी मागे वळून बघितलं तर तुझे दाजी छताचं निरीक्षण करतायत. मला कुणी विचारलं होतं का रे? दोघांनी मिळून ठरवलंत! एवढ्या वर्षांत तुला "मीठ दे" कळलं नाही, आणि हे कळलं?

दिवे लावल्यावर ती वेणीवाली माझ्याकडे आली. चेहरा एकदम गंभीर. विचारते, "खरंच फार आवाज आहे का? कसा असतो?"

फार म्हणजे किती, ते हातांनी कसं सांगणार? मग तिचा हात घेतला, माझ्या गळ्यावर ठेवला, दाजींकडे तोंड केलं, आणि त्यांच्या नावाने अशी काही बोंब ठोकली की ऑफिसातून शिपाई धावत आला, बाहेरच्या झाडावरचे कावळे उडाले आणि बाईंनी दोन्ही कान झाकले.

पोरीचे डोळे एवढाले झाले. हात तसाच गळ्यावर ठेवून ती जरा वेळ उभी राहिली, बोंब संपली तरी. मग दाजींकडे वळली आणि सगळ्या वर्गाला दिसेल असं सांगितलं:

"शेजारी खरं सांगतात."

तुझी ताई